शुक्रवार, संध्याकाळचे पाच

सिन्नरजवळ गोंद्याला समृद्धी महामार्गावर चढलं की तासाभराच्या आत कोपरगाव मागे पडतं आणि गाडी वैजापूर तालुक्यात शिरते. हद्द कुठे ओलांडली हे त्या वेगात कळतही नाही. १९४८ च्या पावसाळ्यात हीच हद्द माणसं जीव मुठीत धरून ओलांडत होती. अलीकडे नाशिक आणि नगर, म्हणजे मुंबई प्रांत. पलीकडे निजामाचं हैदराबाद संस्थान: सोळा जिल्हे, दीड कोटीच्या वर वस्ती, आणि त्यात मराठी मुलखाचे पाच जिल्हे, औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद. मध्ये निजामाचे करोडगिरीचे नाके.

आपल्या नाशिक जिल्ह्यातलं मनमाड हे या येण्याजाण्याचं तोंड होतं. तिथून निजामाच्या रेल्वेचा मीटरगेज फाटा निघायचा, तो नगरसूल, रोटेगाव, औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करत सिकंदराबादला पोचायचा. संस्थान भारतात सामील व्हावं म्हणून लढणाऱ्या स्टेट काँग्रेसचे बरेच कार्यकर्ते तोवर हद्दीबाहेर आले होते. गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे नेते मनमाडहून लढ्याचं काम पाहत होते. खाली बार्शी-सोलापूरकडे, वर पैनगंगेपलीकडे उमरखेडला अशीच केंद्रं उभी राहिली होती. तिथले तरुण रात्री हद्द ओलांडून नाक्यांवर हल्ले करत, आणि मग रझाकार, म्हणजे निजामाच्या बाजूची सशस्त्र संघटना, जवळपासच्या गावांवर सूड उगवत. लुटलेलं गाव चूलबोळकी उचलून हद्दीकडे निघे. बीदर जिल्ह्यातल्या गोरट्यात मे महिन्यात जे हत्याकांड झालं, त्याच्या बातमीने तर न लुटलेली गावंही रिकामी होऊ लागली.

याच हद्दीवरून उलट्या दिशेनेही माणसं गेली होती, हे मात्र आपण सहसा सांगत नाही. फाळणीच्या दंगलींनंतर मध्यप्रांत-वऱ्हाडातून आणि आणखी कुठून कुठून मुसलमान कुटुंबं हैदराबादेत आली होती. निजामाच्या राज्यात तरी निभावेल, एवढीच त्यांची आशा. एकाच रेषेच्या दोन्ही अंगांना निर्वासित, आणि दोघांनाही पलीकडेच जीव वाचेल असं वाटत होतं.

१७ सप्टेंबर १९४८, शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता निजामाने शस्त्रसंधी जाहीर केली. मराठवाड्यात तो मुक्तिसंग्राम दिन आहे आणि तो अभिमानाने साजरा व्हायलाच हवा. रझाकारांची राजवट संपणं हे त्या मुलखाच्या जन्मभराच्या सोसण्याचं फळ होतं. तरीही मी त्या पाच वाजण्याकडे उलटी मोजणी करत येतो आहे. पाठ्यपुस्तकातली गोष्ट तिथे थांबते. तिथूनच सुरू झालेला अनर्थ पुस्तकात नाही.

दहा दिवस उरले: मंगळवार, ७ सप्टेंबर

गणपतीचे दिवस. दिल्लीत घटनासभेपुढे पंडित नेहरू निजामाला जाहीर मागणी करतात: रझाकार संघटनेवर बंदी घाला आणि भारतीय फौजेला सिकंदराबादेत परत येऊ द्या. २९ नोव्हेंबर १९४७ ला झालेला एक वर्षाचा 'जैसे थे' करार कागदावर अजून जिवंत आहे, पण दोन्ही बाजूंनी तो मोडला असल्याच्या तक्रारी आहेत.

हैदराबादेत पंतप्रधान मीर लायक अली यांच्यामागे खरा जोर आहे तो कासिम रझवीचा. लातूरचा हा वकील इत्तेहादुल मुसलमीन या पक्षाचा अध्यक्ष झाला आणि त्याने रझाकारांची फौज उभी केली. दिल्लीच्या लाल किल्ल्यावर निजामाचा आसफजाही झेंडा लावण्याची त्याची भाषा. त्याला मुसलमानांतूनही विरोध होता, आणि त्याची किंमत काय हे ऑगस्टमध्ये दिसून आलं. 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्लाखान यांनी रझाकारांविरुद्ध आणि भारतात सामील होण्याच्या बाजूने लिहिलं. रात्री कचेरीतून घरी परतताना त्यांना गोळ्या घातल्या आणि ज्या हाताने ते लिहीत तो तोडला. पुढच्या पानांवर जे येणार आहे ते वाचताना हे नाव विसरू नये.

परकी मदत कुणी मागावी आणि कुणी पाठवावी, यावरही तेव्हा जोरात वाद चालला होता. २१ ऑगस्टला हैदराबादने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीला तार करून भारताविरुद्ध तक्रार केली. ब्रिटिश पार्लमेंटात चर्चिल निजामाच्या बाजूने बोलत होते. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून लँकेस्ट्रियन विमानांत शस्त्रं भरून रात्री संस्थानातल्या धावपट्ट्यांवर उतरवत होता. भारताचं म्हणणं ठाम होतं: हा आमच्या घरातला प्रश्न आहे, यात बाहेरच्यांचं काही काम नाही. हैदराबाद म्हणत होतं, आम्हीच स्वतंत्र आहोत, बाहेरचे तुम्ही आहात. या वादात कायद्याचा कीस पुष्कळ निघाला. रोटेगावच्या फलाटावर बोचकं घेऊन बसलेल्या बाईला यातलं काय कळत असेल? तिला एवढंच हवं होतं की कुणीतरी यावं आणि हे थांबवावं. माझ्या मते तिचं म्हणणं बरोबर होतं, आणि कारवाईला उलट उशीरच झाला होता.

१३९ तास: शनिवार, ११ सप्टेंबर, रात्री सव्वादहाच्या पुढे

कराचीत बॅरिस्टर जीनांचा मृत्यू होतो. पाकिस्तान आपल्यासाठी काही करील अशी जी आशा हैदराबादच्या दरबारात होती, तिचा आधारच जातो. कारवाईचा निर्णय मात्र त्याआधीच, ९ तारखेला झालेला आहे.

११४ तास: रविवारची रात्र

सरसेनापती जनरल रॉय बुचर अजून साशंक आहेत. हैदराबादची विमानं मुंबई-अहमदाबादवर बाँब टाकतील, अशी त्यांना धास्ती. सरदार पटेल ऐकत नाहीत. सोलापुरात मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या हाताखाली पहिली आर्मर्ड डिव्हिजन सज्ज आहे. दक्षिण विभागाचे प्रमुख लेफ्टनंट जनरल राजेंद्रसिंहजी. मोहिमेचं नाव 'पोलो'. कागदोपत्री ही पोलीस कारवाई, कारण लष्करी स्वारी म्हटलं की सुरक्षा समितीत उत्तर द्यावं लागणार.

१०९ तास: सोमवार, १३ सप्टेंबर, पहाटे चार

सोलापूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या रस्त्यावर नळदुर्गाजवळ बोरी नदी आडवी येते. या नदीवरचा पूल हीच पहिल्या दिवसाची किल्ली. तो उडवला असता तर भरल्या भाद्रपदात रणगाडे काठावर खोळंबले असते. सातव्या ब्रिगेडने अंधारातच पुढे सरकून पूल शाबूत ताब्यात घेतला. मग शीख पलटण किल्ल्यावर चालून गेली. त्याच पहाटे दुसरी तुकडी तुळजापुरावर होती. तिथे निजामाची पायदळ पलटण आणि दोनशेच्या आसपास रझाकार दोन तास लढले.

तुळजापूर घेतलेल्या तुकडीला पुढे लोहाऱ्याला जायचं होतं, पण वाटेतली नदी फुगलेली. फौज अलीकडे थांबली. लष्करी इतिहासात ही एका ओळीची नोंद आहे. लोहाऱ्यातल्या लोकांच्या दृष्टीने पाहिलं तर त्या ओळीचा अर्थ असा की नदीपलीकडे निजामाचा अंमल संपल्यात जमा होता आणि अलीकडचा अंमल अजून पोचला नव्हता. पुढच्या काही दिवसांत मराठवाड्यातल्या शेकडो गावांवर हीच वेळ आली, तीही नदीला पूर नसताना.

९८ तास: सोमवार, दुपारी सव्वातीन

नऊ डोग्रा पलटणीचे लेफ्टनंट कर्नल राम सिंग यांची धडक तुकडी जळकोटवरून उमरग्याला पोचली. अकरा तासांत साठ किलोमीटर. उमरग्यातले रझाकार फार टिकले नाहीत. मोटारींवरच्या फौजेपुढे भरमार बंदुका, भाले आणि तलवारी काय टिकणार? पुष्कळ रझाकार गणवेश टाकून आपापल्या गावी पळाले, आणि ज्यांना पळून जायला दुसरं गाव नव्हतं, ज्यांनी कधी गणवेश घातलाच नव्हता, ते आपल्या घरातच राहिले.

७४ तास: मंगळवार, १४ सप्टेंबर, दुपार

वायव्येकडून मेजर जनरल डी. एस. ब्रार यांच्या सहा तुकड्या औरंगाबादला पोचल्या. दुपारी शहराचे मुलकी अधिकारी बाहेर आले आणि बिनशर्त शरण गेले. तिकडे राम सिंग यांचे सैनिक रस्त्यात दबा धरून बसलेल्यांशी झुंजत राजेश्वरपर्यंत गेले. वरून टेंपेस्ट विमानांचा मारा होता. जालन्यात मात्र तिखट प्रतिकार झाला.

औरंगाबादचं शरण जाणं नीट पार पडलं, कारण तिथे शरण जायला अधिकारी होते आणि शरणागती घ्यायला फौज होती. किल्ल्या द्यायच्या होत्या, घ्यायच्या होत्या. जिल्ह्याच्या गावी सत्ता अशी हातातून हातात गेली. खेड्यात ती पोलीस पाटलाच्या ओसरीवरून उठून गेली आणि बराच काळ कुणाच्याच हातात नव्हती.

पन्नासेक तास: बुधवार, १५ सप्टेंबर

जालन्यात गुरख्यांची एक कंपनी ठेवून बाकीची तुकडी लातूरकडे आणि पुढे मोमिनाबादेकडे, म्हणजे आजच्या अंबाजोगाईकडे वळली. निजामाच्या गोवळकोंडा लान्सर्सनी तिथे नावापुरता प्रतिकार केला.

एका शहरावर एक कंपनी. त्या आठवड्यात सगळीकडे हेच गणित होतं, आणि लष्करी दृष्टीने ते चोख होतं. थांबायचं नाही, हैदराबाद गाठायचं. युद्ध लवकर संपलं तर माणसं कमी मरतील, हा हिशेब युद्धापुरता खराही ठरला. पण चोख हिशेबात जी गावं बाजूला राहिली, तिथे आता हद्दीपलीकडून परतलेले लोकही येऊ लागले होते. कुणी आपलं घर पाहायला, कुणी लुटीला गेलेला बैल शोधायला. काहींच्या हातात बंदुका होत्या. वर्षभर ज्यांनी छावणीत दिवस काढले, ज्यांच्या बायकांवर हात टाकला गेला, ज्यांचे भाऊ मारले गेले, त्यांच्या मनात काय चाललं असेल हे समजणं कठीण नाही. समजणं म्हणजे माफ करणं नव्हे.

एक दिवसही उरला नाही: गुरुवार, १६ सप्टेंबर

पॅरिसमध्ये सुरक्षा समितीची बैठक. हैदराबादचे मोईन नवाज जंग तक्रार मांडायला आले आहेत, भारतातर्फे रामस्वामी मुदलियार. विषय अजेंड्यावर घ्यायचा की नाही, एवढ्यावरच मतदान होतं. आठ मतं बाजूने. चीन, सोव्हिएत संघ आणि युक्रेन तटस्थ. हैदराबाद हे राज्य आहे की नाही, त्याला तक्रार करायचा हक्क आहे की नाही, यावर भाषणं होतात. झहीराबादेच्या वाटेवर त्याच दिवशी सुरुंग पेरलेल्या रस्त्याने राम सिंग यांची तुकडी रखडत पुढे सरकते आहे.

इथे थोडं थांबून बोलावंसं वाटतं. परकी हस्तक्षेप असावा की नसावा, हा वाद जगात नेहमी असाच होतो: हक्क कुणाचा, आक्रमक कोण, मतं किती. उद्या सत्ता कोसळल्यावर लातूरच्या मुसलमान विणकरांच्या वस्तीच्या तोंडाशी कोण उभा राहणार, हा प्रश्न त्या टेबलावर कुणी ठेवला नाही. हैदराबादच्या शिष्टमंडळानेही नाही. त्याला निजामाचं राज्य वाचवायचं होतं, विणकरांची घरं नव्हेत.

शेवटचा दिवस: शुक्रवार, १७ सप्टेंबर

सकाळी फौज बीदरमध्ये शिरली. हिंगोली हाती आलं. लायक अलींच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. संध्याकाळी पाच वाजता निजामाने शस्त्रसंधी जाहीर केली, रझाकारांवर बंदी घातली. स्टेट काँग्रेसचे तुरुंगातले नेते स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांचे सहकारी सुटले. शनिवारी हैदराबादबाहेर निजामाचे सेनापती एल एद्रूस यांनी चौधरींपुढे शरणागती पत्करली. काही दिवसांतच निजामाने सुरक्षा समितीतली तक्रार मागे घेतली. रझवी पकडला गेला. १९५७ पर्यंत तो तुरुंगात राहिला आणि मग पाकिस्तानात गेला. लायक अलीही १९५० साली नजरकैदेतून निसटून तिकडेच गेले.

ज्यांनी हे सगळं ओढवून घेतलं होतं, ते जगले. शुक्रवारी पाच वाजता ज्यांच्या डोक्यावरचं छप्पर उडालं ते वेगळे लोक होते: विणकर, रंगारी, कासार, पिंजारी, अत्तार, छोटे शेतकरी, सरकारी शिपाई. त्यांची जहागीर नव्हती. त्यातल्या काहींनी रझाकारांचा गणवेश घातला होता, काहींनी जबरदस्तीने वर्गणी दिली होती, बहुतेकांनी काहीच केलं नव्हतं.

पाचनंतर

इथून पुढे तासातासाची नोंद नाही. कुठल्या गावी मुसलमानांवर किती वाजता काय ओढवलं, हे लिहायला ना लष्करी डायरी होती, ना वार्ताहर. जे कळतं ते दोन महिन्यांनंतर, पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीच्या अहवालातून. भारत सरकारनेच त्यांना सद्भावना दौऱ्यावर पाठवलं होतं. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात ते सोळांपैकी नऊ जिल्ह्यांत फिरले आणि पाचशेवर लोकांशी बोलले.

त्यांचा अंदाज असा: पोलीस कारवाईच्या काळात आणि त्यानंतर, अगदी हात राखून धरलं तरी, २७ हजार ते ४० हजार माणसं मारली गेली. सगळ्यात जास्त हानी उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत. तिथेच निदान १८ हजार. औरंगाबाद, बीड, नलगोंडा आणि मेदक मिळून निदान पाच हजार. उस्मानाबाद आणि नांदेड म्हणजे आपली मराठी माणसं, मारणारी आणि मरणारीही. लातूर, जिथून कासिम रझवी उठला होता, तिथे कत्तल वीस दिवसांहून अधिक चालली. दहा हजारांच्या मुसलमान वस्तीतले जेमतेम तीन हजार समितीला तिथे भेटले. हजारावर मारले गेले होते, बाकीचे अंगावरच्या कपड्यांनिशी पळाले होते.

वीस दिवस. मुख्य रस्ता मोकळा, शत्रू शरण आलेला, मुलूख ताब्यात. तरीही वीस दिवस.

समितीने विहिरी पाहिल्या. त्यांपैकी एकीत त्यांनी अकरा प्रेतं मोजली. त्यात एक बाई होती आणि तिच्या छातीशी बिलगलेलं मूल. मराठवाड्यातली विहीर म्हणजे चिरेबंदी, पायऱ्यांची, गावाचं पाणी. पावसाळा नुकताच सरलेला, पाणी वरपर्यंत आलेलं. त्या गावात पुढे प्यायला पाणी कुठून आणलं असेल?

समितीने कुणालाही झाकलं नाही. रझाकारांनी आधी केलेल्या लुटी, खून, अत्याचार तिने स्पष्ट नोंदवले. सोलापुरातून आणि हद्दीवरच्या इतर गावांतून सशस्त्र टोळ्या फौजेबरोबर आणि फौजेच्या मागून आत आल्या, हेही लिहिलं. काही ठिकाणी सैनिकांनी आणि पोलिसांनी लुटीत भाग घेतल्याचे, जमावाला चिथावल्याचे पुरावे मिळाले असं म्हटलं. त्याबरोबरच जनरल चौधरींच्या निःपक्षपातीपणाबद्दल चांगलंही लिहिलं. लष्करी गव्हर्नर चौधरी आणि मुख्य मुलकी प्रशासक डी. एस. बखले यांनी शेजारच्या प्रांतांतून अधिकारी आणि पोलीस आणले होते. माणसं प्रामाणिक होती, पण ती आधी जिल्ह्याच्या ठिकाणी पोचली. टँकांच्या पाठोपाठ, त्याच दिवशी, तालुक्यातालुक्यात पोचतील एवढी माणसं तयार ठेवायला हवी होती. रणगाड्यांना किती पेट्रोल लागेल हे काढणाऱ्यांना हे काढता आलं नसतं, असं मला वाटत नाही. हद्दीवर वर्षभर काय धुमसत होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. आपल्याच छावण्यांत ते धुमसत होतं.

सत्तावीस वर्षांनी, लाओसमध्ये

सत्तेच्या कोसळण्यात सापडलेल्या माणसांचं काय होतं हे जगाने आणखी एकदा पाहिलं, ते १४ मे १९७५ ला, लाओसच्या डोंगरातल्या लाँग चेंग या धावपट्टीवर. ह्मोंग ही डोंगरी जमात. १९६१ पासून अमेरिकेच्या सीआयएने वांग पाओ या त्यांच्या सेनानीला हाताशी धरून तिची गुप्त फौज उभारली. लाओस तटस्थ राहील असं जीनिव्हात ठरलेलं, म्हणून सगळं चोरून. १९५४ पासून त्या देशातल्या तहावर देखरेख ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचं अध्यक्षपद भारताकडे होतं. कॅनडा आणि पोलंड बरोबर. आयोग तक्रारी नोंदवत राहिला आणि वरून वीस लाख टनांवर बाँब पडत राहिले.

१९७३ ला तह झाला, अमेरिकनांनी आवरतं घेतलं. मे १९७५ मध्ये कम्युनिस्ट पाथेट लाओ जवळ येऊ लागले तेव्हा थायलंडहून मोजकीच विमानं लाँग चेंगला येत होती. सुमारे अडीच हजार लोक त्यांतून निघाले, तेही मुख्यतः अधिकारी आणि त्यांची कुटुंबं. १४ तारखेला वांग पाओ हेलिकॉप्टरने गेला. धावपट्टीवर हजारो लोक पुढच्या विमानाची वाट पाहत उभे होते. पुढचं विमान आलं नाही. मग ती माणसं चालत निघाली. २९ मे रोजी हिन हुपच्या पुलावर त्यांच्यावर गोळीबार झाला. पुढच्या वर्षांत लाखावर ह्मोंग मेकाँग ओलांडून थायलंडमध्ये पोचले. किती नदीत गेले त्याचा हिशेब नाही. त्यांचं भोगणं तिथेही संपलं नाही: २८ डिसेंबर २००९ ला थायलंडच्या लष्कराने छावणीतल्या चार हजारांवर ह्मोंगांना पहाटे गाड्यांत घालून लाओसला परत धाडलं. त्यांत संयुक्त राष्ट्रांनी निर्वासित म्हणून मानलेलेही होते.

लाओसमध्ये बाहेरची सत्ता निघून गेली. मराठवाड्यात आलेली सत्ता आपली होती आणि ती राहायला आली होती. हा फरक फार मोठा आहे. म्हणूनच आपली जबाबदारीही मोठी होती. ह्मोंग शेतकऱ्याने बंदूक धरली होती की नाही हे पाथेट लाओने विचारलं नाही. तो 'त्यांचा माणूस' होता, एवढं पुरलं. लातूरच्या विणकरालाही कुणी विचारलं नाही.

अहवाल

सरदार पटेलांना सुंदरलाल समितीचं म्हणणं पटलं नाही. चौकशीचं काम तुमच्याकडे दिलंच नव्हतं, रझाकारांच्या अत्याचारांना तुम्ही पुरेसं महत्त्व दिलं नाही, असा त्यांचा आक्षेप. अहवाल प्रसिद्ध झाला नाही. अनेक वर्षं त्याचे तुकडे अभ्यासकांच्या हाती लागत राहिले. दिल्लीच्या नेहरू संग्रहालयात तो वाचायला मिळू लागला तो थेट २०१३ च्या सुमारास. तोवर मारणाऱ्यांपैकी बहुतेक जण निवर्तले होते, पळालेले हैदराबाद, मालेगाव, मुंबई किंवा कराचीत रुजले होते. त्यांच्या जमिनी कुणाच्या नावावर आहेत हे सातबारा सांगतो. त्या तिथे कशा आल्या, ते सांगत नाही.

त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे, आणि लिहिताना मी पुन्हा पुन्हा तिच्याशीच येतो. काही ठिकाणी हिंदूंनी शेजारच्या मुसलमान स्त्री-पुरुषांना वाचवलं, प्रसंगी स्वतःचा जीव देऊन. समितीने मुद्दाम लिहिलं की धंद्याची आपुलकी काही ठिकाणी फार घट्ट दिसली: हिंदू विणकर मुसलमान विणकरांसाठी जमावाच्या आडवे उभे राहिले आणि त्यांतले काही मारले गेले. ना पोलीस होते, ना फौज, ना सुरक्षा समिती. बाहेरचं कुणी नसताना आतल्यांनीच मध्ये पडायचं ठरवलं.

मुक्तिसंग्रामाच्या हुतात्म्यांची नावं मराठवाड्यात गावोगाव दगडावर कोरलेली आहेत. या विणकरांची नावंही तिथे हवीत. ज्यांनी त्या भाद्रपद-आश्विनात दहा-बारा वर्षांच्या वयात हे पाहिलं, ती माणसं आज नव्वदीच्या आसपास आहेत. लातूर, धाराशिव (तेव्हाचं उस्मानाबाद), नांदेडची महाविद्यालयं, तिथले इतिहासाचे प्राध्यापक आणि विद्यार्थी यांनी त्यांच्याकडे जाऊन नावं विचारायची असतील, तर ती याच एक-दोन वर्षांत विचारायला हवीत.